वजन उतरवायचंय? आधी गुडघ्यांना विचारा

बालाघाट : वजन कमी करायला कोणता खेळ बरा? वजन जास्त असेल तर एकदम धावायला लागू नका, सगळा भार गुडघ्यांवर येतो. आधी मुलना स्टेडियमकडे भरभर चाला, नाहीतर सायकल काढा.

हिशेब सोपा आहे. ७० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात. लहान वाटीभर भातात जवळपास तेवढ्याच जमा! आपला धानाचा जिल्हा, म्हणून ताटाकडेही बघा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. बॅडमिंटन असो की कबड्डी, जो खेळ उद्याही खेळावासा वाटेल, तोच निवडा. बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.