पोलिसांची तक्रार पोलिसांकडेच?

१६ सप्टेंबर १९९२ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी हॉलसमोर सुमारे दहा हजार पोलीस जमले होते. सगळे सुट्टीवरचे, साध्या कपड्यांतले आणि संतापलेले. त्यांनी अडथळे ओलांडले, उभ्या मोटारींच्या टपांवर चढून नाचले, ब्रुकलिन पुलावरची वाहतूक अडवून धरली. डेव्हिड डिंकिन्स हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या नावाने वंशद्वेषी फलक झळकले. ज्यांची बंदोबस्ताची ड्युटी होती ते सुमारे तीनशे गणवेशधारी पोलीस बहुतेक वेळ नुसते बघत उभे राहिले. एवढं रान पेटायचं कारण महापौरांचा एक प्रस्ताव होता. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं मंडळ पोलीस खात्यातून बाहेर काढावं आणि ते पूर्णपणे नागरिकांच्या हाती द्यावं, एवढंच त्यात म्हटलं होतं.

पोलिसाने अन्याय केला तर चौकशी कोणी करायची, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या शहरापुढे कधी ना कधी येतो. इथे न्यूयॉर्क मुद्दाम निवडलं आहे. तिथे हे भांडण सत्तर वर्षं उघड्यावर चाललं, मतपेटीपर्यंत गेलं, तिथे हरलं आणि पुन्हा उभं राहिलं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रत्येक राज्याला अशी यंत्रणा उभारायला सांगितलं. ती महाराष्ट्रात अस्तित्वात आहे, हे मात्र पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसतं.

न्यूयॉर्कमधली सुरुवात मुळमुळीत होती. १९५० च्या सुमारास कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन वस्त्यांतून मारहाणीच्या तक्रारी वाढल्या, अठरा संघटनांनी एकत्र येऊन आवाज उठवला आणि १९५३ साली ‘सिव्हिलियन कम्प्लेंट रिव्ह्यू बोर्ड’ स्थापन झालं. मंडळावर तिघे होते आणि तिघेही पोलीस उपायुक्त. तक्रार पोलिसांनी घ्यायची, चौकशी पोलिसांनी करायची आणि अहवाल पोलीस आयुक्तांकडे पाठवायचा, असा कारभार. १९६४ च्या जुलैत एका पोलीस अधिकाऱ्याने १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घातली आणि हार्लेम पेटलं, तेव्हा या मंडळावर कुणाचाच विश्वास उरलेला नाही हे दिसून आलं. नवे महापौर जॉन लिंडसे यांनी १९६६ मध्ये मंडळ सात जणांचं केलं आणि त्यात चार नागरिक नेमले.

पोलिसांच्या संघटनेने याविरुद्ध सार्वमताची मागणी केली आणि प्रचारात प्रचंड पैसा ओतला. त्या प्रचारातलं एक पोस्टर पाहण्यासारखं आहे. भुयारी रेल्वेच्या जिन्यातून वर आलेली एक तरुण गोरी स्त्री रात्रीच्या अंधारात एकटीच उभी आहे. चेहऱ्यावर भीती, समोर निर्मनुष्य रस्ता. नागरी मंडळ थोपवलं नाही तर हिच्या जिवाची हमी कोण देणार, असा मजकूर. मंडळाची रचना काय, अधिकार किती, तक्रारी कोणत्या, यातलं एक अक्षरही त्यावर नाही. सिनेटर रॉबर्ट केनेडी आणि जेकब जॅव्हिट्स या दोघांनी मंडळाची बाजू घेतली, तरी नोव्हेंबर १९६६ मध्ये न्यूयॉर्ककरांनी जवळपास दोनास एक अशा फरकाने ते मोडीत काढलं. चौकशीच्या प्रश्नाला भीतीने उत्तर देण्याची ही रीत तेव्हा यशस्वी झाली आणि आजही ती तितकीच चालते. चौकशीची मागणी झाली की पोलिसांचं मनोबल खच्ची होईल, हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य त्याच पोस्टरच्या जातकुळीतलं आहे.

पुढची वीस वर्षं मंडळ पुन्हा खात्याच्या पोटात गेलं. १९८७ मध्ये निम्मे सदस्य नागरिक आले, पण तपास करणारे बहुतांश पोलीसच राहिले. मग ऑगस्ट १९८८ ची टॉम्पकिन्स स्क्वेअरची रात्र आली. मॅनहॅटनमधल्या या बागेत रात्रीची बंदी घालण्यावरून निदर्शनं झाली आणि पोलिसांनी निदर्शकांसकट येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही झोडपलं. अनेकांनी आपल्या बिल्ल्यावरचा क्रमांक झाकून घेतला होता. माझ्या मते त्या रात्रीतली सगळ्यात बोलकी गोष्ट ही झाकलेल्या क्रमांकाची आहे. आपण काय करणार आहोत हे ज्याला आधीच माहीत असतं, तोच आपली ओळख झाकतो. क्लेटन पॅटरसन या कलावंताने ती रात्र तासन्‌तास व्हिडिओवर टिपली होती, म्हणून शंभराहून जास्त तक्रारींना पुरावा मिळाला. तरीही कारवाई झाली ती अगदी मोजक्यांवर. डिंकिन्स यांचा प्रस्ताव या पार्श्वभूमीवर आला. सिटी हॉलसमोरच्या त्या दंग्याने तो अडला नाही, उलट ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली. १९९३ पासून मंडळ खात्याबाहेरचं, स्वतंत्र झालं. त्या मोर्चासमोर भाषण करणारे रुडी जुलियानी त्याच वर्षी महापौर म्हणून निवडून आले, हेही सांगायला हवं. संस्था स्वतंत्र झाली आणि लगेच तिला न मानणारा महापौर मिळाला.

आता या मंडळाचं काम चालतं कसं? सुरुवातीला सदस्य तेरा होते, आता पंधरा आहेत. काही महापौरांचे, काही नगर परिषदेचे आणि तीन पोलीस आयुक्तांनी सुचवलेले. पोलिसी नोकरीचा अनुभव फक्त या तिघांना असू शकतो. खरी ताकद आहे ती पगारी तपासनिसांत. ते खात्याचे नोकर नाहीत. तक्रारदाराचा जबाब ते ध्वनिमुद्रित करतात, इस्पितळाचे कागद मागवतात, साक्षीदार शोधतात आणि संबंधित पोलिसाला समोर बसवून प्रश्न विचारतात. पोलिसाला हजर राहावंच लागतं, येताना तो संघटनेचा वकील घेऊन येतो. मग तीन सदस्यांचं पॅनेल फाइल वाचून निर्णय देतं. तक्रार सिद्ध झाली, घटना घडली पण ती नियमात बसते, घटना घडलीच नाही, किंवा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, यांपैकी एक शेरा पडतो. विषयाची कक्षाही आखलेली आहे: अवाजवी बळाचा वापर, अधिकाराचा गैरवापर, उर्मट वागणूक आणि अपमानास्पद भाषा. शिवीची तक्रारसुद्धा तिथे नोंदवली जाते. आपल्याकडे ठाण्यात ‘चल हट’ ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट अद्भुत वाटेल.

उणिवा मात्र गंभीर आहेत. तक्रारदार कंटाळतो, घाबरतो, पत्ता बदलतो आणि तक्रारींचा मोठा भाग पूर्ण चौकशीविना मिटतो. अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मंडळाला पोलीस खात्याकडेच मागावं लागतं आणि ते देण्यात दिरंगाई होते. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे शिक्षेचा शेवटचा शब्द पोलीस आयुक्तांचा. मंडळाने तक्रार सिद्ध ठरवली, शिक्षा सुचवली, तरी आयुक्त ती कमी करू शकतात, रद्दही करू शकतात.

एरिक गार्नरच्या प्रकरणात हे सगळं एकवटलेलं दिसतं. १७ जुलै २०१४ रोजी स्टेटन आयलंडवर सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला धरलं आणि एका पोलिसाने मागून त्याच्या गळ्याला हाताचा विळखा घातला. ही पकड खात्याच्याच नियमांनी निषिद्ध होती. श्वास घेता येत नाही, असं गार्नर पुनःपुन्हा सांगत राहिला आणि एका मित्राच्या मोबाइलमध्ये ते टिपलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने खटला भरायला नकार दिला. केंद्र सरकारच्या न्याय खात्याने पाच वर्षं घेतली आणि तेही मागे सरलं. उरलं ते हे मंडळ. २०१२ च्या करारामुळे गंभीर प्रकरणं खात्याच्या अंतर्गत न्यायासनापुढे स्वतःच्या वकिलांमार्फत चालवण्याचा अधिकार त्याला मिळाला होता. २०१९ मध्ये मंडळाच्या वकिलांनी ती सुनावणी लढवली आणि १९ ऑगस्ट २०१९ रोजी आयुक्त जेम्स ओनील यांनी त्या पोलिसाला बडतर्फ केलं. फौजदारी खटला कधीच उभा राहिला नाही. माणूस मेल्यावर पाच वर्षांनी एक नोकरी गेली. हा न्याय अपुरा आहे, पण जो काही मिळाला तो खात्याबाहेरच्या संस्थेमुळे मिळाला.

याच प्रकरणात आणखी एक भिंत पुढे आली. १९७६ च्या एका राज्य कायद्याने, ‘फिफ्टी-ए’ने, पोलिसांच्या शिस्तभंगाची कागदपत्रं गोपनीय ठरवली होती. एखाद्याविरुद्ध आधी किती तक्रारी सिद्ध झाल्या, हे मेलेल्या माणसाच्या आईलाही विचारता येत नव्हतं. जून २०२० मध्ये, मिनीआपोलिसमधल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, न्यूयॉर्क राज्याने हा कायदा रद्द केला. मंडळाकडच्या नोंदी आता नावानिशी पाहता येतात. मला विचाराल तर १९९३ नंतरची सर्वांत मोठी सुधारणा हीच.

इतर ठिकाणी काही जण पुढे गेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये मतदारांनी २०१६ मध्ये नागरिकांचा पोलीस आयोग मंजूर केला आणि २०२० मध्ये त्या आयोगाने महापौरांच्या साथीने पोलीस प्रमुखांनाच पदावरून दूर केलं. उत्तर आयर्लंडमध्ये २००० सालापासून पोलीस लोकपाल आहे. पहिल्या लोकपाल नुआला ओलोन यांनी ओमा इथल्या बॉम्बस्फोटाच्या तपासावरून थेट पोलीस प्रमुखांवर ठपका ठेवला. यादवीतून नुकत्याच बाहेर आलेल्या, पोलिसांवर अर्ध्या समाजाचा विश्वास नसलेल्या प्रदेशाला हे जमतं, तेव्हा आपल्याकडची कारणं लंगडी पडतात.

आपल्याकडची हकीगत अशी. उत्तर प्रदेश पोलीस दलाचे आणि सीमा सुरक्षा दलाचे प्रमुख राहिलेले प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतला एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. राज्य पातळीवर निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली एक आणि प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक. प्राधिकरणाची शिफारस संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक राहील, असं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे कागदावर आपण न्यूयॉर्कच्याही पुढे होतो.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. जिल्ह्यांऐवजी महसुली विभागांसाठी प्राधिकरणं ठरवली. गडचिरोलीतल्या आदिवासी बाईने तक्रार घेऊन नागपूर गाठायचं, असा याचा अर्थ. राज्य प्राधिकरणात निवृत्त न्यायमूर्ती आले, निवृत्त पोलीस अधिकारी आले, निवृत्त सनदी अधिकारी आले आणि नागरी समाजातल्या मान्यवराला जागा मिळाली एक. शिवाय न्यूयॉर्कचे पोलीस शहराच्या महापौरांना जबाबदार आहेत, मुंबईचे पोलीस राज्याच्या गृह खात्याला. मुंबईकर आपल्या नगरसेवकाला गटाराबद्दल जाब विचारू शकतो, कोठडीबद्दल विचारू शकत नाही. देखरेख ज्या मंत्रालयाच्या कारभारावर करायची, कारवाईसाठी पुन्हा त्याच मंत्रालयाकडे पाहायचं, अशी ही रचना आहे.

याची किंमत काय असते? ख्वाजा युनूस हा परभणीचा २७ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर २००२ मधल्या घाटकोपर स्फोटानंतर त्याला अटक झाली आणि जानेवारीत पोलिसांनी सांगितलं, तपासासाठी नेत असताना पारनेरजवळ तो पळून गेला. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. सीआयडीने चौदा पोलिसांवर बोट ठेवलं, सरकारने खटल्याची परवानगी दिली चौघांविरुद्ध. २००४ मध्ये निलंबित झालेले हे चौघे जून २०२० मध्ये पोलिसांच्याच आढावा समितीच्या निर्णयाने सेवेत परतले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सांगली शहर ठाण्यात एका तरुणाला कोठडीत मारून टाकलं आणि आंबोलीच्या घाटात नेऊन जाळलं. तेव्हाही पोलिसांनी आधी हेच सांगितलं होतं, की आरोपी पळून गेला. पंधरा वर्षांच्या अंतराने तीच कहाणी पुन्हा सांगायचं धाडस होतं, कारण ती पहिल्यांदा तपासणारे खात्यातलेच असतात, ही खात्री पक्की असते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्राधिकरणाच्या खुर्चीवर कोण बसतं याहून त्याच्या हाताखाली तपास कोण करतं, हे जास्त महत्त्वाचं. निवृत्त न्यायमूर्ती कितीही सचोटीचे असले, तरी त्यांच्यापुढे येणारी फाइल पोलिसानेच तयार केली असेल तर ते तरी काय करणार? प्राधिकरणाला स्वतःचे तपासनीस हवेत, जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय हवं, सिद्ध झालेल्या तक्रारींची यादी लोकांना वाचायला मिळायला हवी आणि २००६ चा बंधनकारक शब्द जसाच्या तसा कायद्यात उतरायला हवा. दिवसाचे बारा-चौदा तास उन्हातान्हात उभा राहणारा प्रामाणिक शिपाई याला घाबरणार नाही. वरिष्ठाच्या तोंडी हुकमावर हात उगारायला लागणाऱ्या शिपायाला तर नकार देण्यासाठी हाच एक आधार मिळेल.

तोवर वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बंधनकारक केले आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितलं. तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ठाण्यात अन्याय झाला तर तारीख, वेळ आणि ठाण्याचं नाव घालून प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या आणि त्याच अर्जात त्या वेळेचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. उशीर करू नका.