सिरोंच्याचा मुक्काम

दिवाळीच्या सुटीत तुम्ही मंडळी कोकणात जाता, वाळूत बसता, घरगुती खानावळीत सोलकढी पिता. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र कुठला! पण वाळू, पलीकडचे लांबवर दिसणारे तीर आणि उतरायला जागा न मिळण्याची पंचाईत, हे सगळे आमच्याकडेही आहे. त्यासाठी सिरोंच्याला जावे.

2022 च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर होता. गुरू मीन राशीत शिरला की बारा वर्षांनी हा योग येतो. मागच्या पुष्कराला वडील आईला म्हणाले होते, "पुढच्या वेळी नक्की." 2017 साली ते गेले. आईला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष होते. आता 'पुढच्या वेळी' म्हणायची माझी छाती नव्हती.

एस.टी.चा संप चालू होता, म्हणून शेजाऱ्यांची जीप घेतली. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. आलापल्लीपुढे दोन्ही बाजूंना साग, पण एप्रिलमधला, म्हणजे पानाविना! सावलीच्या आशेने आलेल्या माणसाची शुद्ध फसवणूक. रस्त्याबद्दल न बोललेलेच बरे. आईने वाटभर रामरक्षा म्हटली.

सिरोंच्याला पोचलो तो दिवेलागणीला. विश्रामगृह भरलेले, लॉज भरलेले. शेवटी एका चहावाल्याने आपला मुलगा बरोबर दिला आणि आम्ही एका कौलारू घराच्या ओट्यावर जाऊन उभे राहिलो. घरच्या म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. मी माझ्या शुद्ध मराठीत सविस्तर निवेदन केले. वीस वर्षे वर्गात व्याख्याने दिल्याची सवय, दुसरे काय! बाईंना फक्त तेलुगू येत होते. त्या माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "अन्नम्?"

आई म्हणाली, "हो गं बाई, सकाळपासून नाही." आणि आत गेली. एम.ए. झालेला मुलगा ओट्यावरच!

रात्री अंगणात बाजा टाकल्या. दोघी आपापल्या भाषेत कितीतरी वेळ बोलत होत्या. काय, ते मी विचारले नाही. मधेच वडिलांचे नाव कानावर आले.

पहाटे नदीवर गेलो. थोडे खाली, कालेश्वरापाशी, प्राणहिता गोदावरीला मिळते. तिथे एकाच शाळुंकेत दोन लिंगे आहेत. पण आईला पलीकडे जायचे नव्हते. तिने कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोन डुबक्या घेतल्या, एक स्वतःची, एक वडिलांची, आणि हात धरून वर आली. हात माझा नव्हे, त्या बाईंचा.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. नातीकडून पत्ता तेवढा लिहून दिला, तेलुगू लिपीत.

तेव्हापासून दर दिवाळीला आमच्याकडून चकल्यांचा डबा सिरोंच्याला जातो. पिनकोडचे आकडे मला येतात. वरची अक्षरे मी पहिलीतल्या पोरासारखी चित्रे काढून उतरवतो आणि आई चष्मा लावून शेजारी बसते, चुका काढायला. तिलाही वाचता येत नाही.