हृदय, जड धातु आणि अर्जुनसादड्याचा काढा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमचे एक जुने स्नेही नवी मुंबईंतील आमच्या बिऱ्हाडीं आले. पनवेल तालुक्यांत त्यांची वडिलोपार्जित जमीन असून तींतील थोडक्या भागांत ते अद्याप पालक व माठ करितात. पाणी नाल्याचें, आणि त्या नाल्यास वरच्या अंगास कारखान्यांचें सांडपाणी मिळतें, हें त्यांस ठाऊक आहे. हृदयविकाराच्या गोळ्या त्यांनीं आपल्याच मतानें बंद करून अर्जुनसादड्याच्या सालीचा काढा सुरू केला होता. “यानें अंगांतील सारें शिसें धुऊन निघतें,” असें ते म्हणाले. आम्ही वैद्य नव्हों. आमची हयात सातबाराचे उतारे लिहिण्यांत गेली. परंतु नोंद पाहिली कीं तिचा पुरावा शोधावयाचा, ही संवय जडलेली असल्यामुळें आम्हीं या समजुतीचीही चौकशी केली.

शिसें, कॅडमियम व सोमल यांपासून हृदयास अपाय होतो, हें खरें आहे. हे पदार्थ रक्तवाहिन्यांच्या आंतील अस्तर बिघडवितात व रक्तदाब वाढवितात. अमेरिकेंतील हृदयरोगविषयक प्रमुख संस्थेनें २०२३ सालीं या तिहींस हृदयविकाराचा धोका वाढविणारे पदार्थ म्हणून मान्यता दिली. शिसें हाडांत व कॅडमियम मूत्रपिंडांत वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतें. यास्तव आज खाल्लेल्या भाजीचा हिशेब पुष्कळ वर्षांनीं द्यावा लागतो.

आतां काढ्याविषयीं. कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनीं अर्जुनांतील एक शुद्ध द्रव्य उंदरांस देऊन नंतर त्यांस सोमल दिला, तेव्हां हृदयाची हानि कमी झाली. हा प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. प्रयोग चांगला आहे. तथापि त्यांत द्रव्य विषाच्या अगोदर व मोजून दिलें होतें, आणि प्राणी उंदीर होता. वर्षानुवर्षें मुरलेलें शिसें घरच्या काढ्यानें माणसाच्या अंगांतून निघतें, असें त्यावरून मुळींच सिद्ध होत नाहीं.

शिसें खरोखर बाहेर काढणारें औषध शिरेंतून देऊनही अमेरिकेंत पाहिलें आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १७०८ रोग्यांवरील पहिल्या चांचणींत कांहीं लाभ दिसला. पुढें हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेह्यांवर दुसरी चांचणी झाली. तिचा निकाल २०२४ सालीं आला. रक्तांतील शिसें निम्म्याहून अधिक उतरलें, पण हृदयास लाभ झाला नाहीं. यावरून, विष काढण्यापेक्षां तें पोटांत जाऊं न देणें हाच खरा उपाय, असें आम्हांस वाटतें.

शिवाय औषधही पारखून घेतलें पाहिजे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकीं सुमारें एक-पंचमांश औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळल्याचें अमेरिकेंतील पाहणींत २००८ सालीं दिसून आलें. अर्जुन नदीकांठचें झाड आहे. कांठच दूषित असेल, तर त्याच्या सालीचा भरंवसा काय?

शेतकरी बंधूंनीं करण्याजोग्या गोष्टी अशा आहेत. २०१५ सालीं सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेंत बारा बाबी तपासल्या जातात. त्यांत शिसें व कॅडमियम नाहींत. त्यांची तपासणी प्रयोगशाळेकडे निराळी मागावी, आणि मातीबरोबर पाण्याचाही नमुना द्यावा. संशयित पाण्यावर पालेभाजी करूं नये; कारण पानांत कॅडमियम सहज सांठतें. धुण्यानें पानावरील धुळींतलें शिसें बरेंच जातें, पण पानाच्या आंत शिरलेलें कॅडमियम जात नाहीं. आम्लधर्मी जमिनींत कॅडमियम मोकळें होतें. चुन्यानें व कुजलेल्या शेणखतानें तें बांधलें जातें. मात्र चुना मातीच्या तपासणीवांचून घालूं नये. भातखाचरांत पाणी उभें राहिल्यास कॅडमियम दबतें, उलट सोमल मोकळा होतो. म्हणून आपल्या जमिनींत कोणता धातु आहे, हें आधीं कळलें पाहिजे.

हें सर्व सांगून आम्हीं स्नेह्यांस विचारिलें, “काढा तुम्ही घेतलात, तुमचा पालक वाशीच्या बाजारांतून ज्यांच्या घरीं गेला, त्यांनीं काय घ्यावें?” ते बराच वेळ बोलले नाहींत. दुसऱ्या आठवड्यांत ते डॉक्टरांकडे गेले, काढ्याची गोष्ट न लपवितां सांगितली, आणि गोळ्या पुन्हां सुरू झाल्या. पालकाच्या वाफ्यांत या वर्षीं त्यांनीं झेंडू लाविला आहे. रोजचा पैसा बुडाला, हें ते मोकळेपणीं सांगतात. माती व पाणी यांचे नमुने प्रयोगशाळेंत गेले आहेत. निकाल यावयाचा आहे. तोंवर त्या वाफ्यांतलें पान बाजारांत जाणार नाहीं, असा शब्द त्यांनीं आम्हांस दिला आहे. ज्यांच्या शेतास असेंच पाणी आहे, त्या बंधूंनींही तो शब्द स्वतःस द्यावा, एवढीच आमची विनंति आहे.