मूर्ती झाकून न्यावी की उघडी?

गणेशचतुर्थीच्या आधी दोन-तीन आठवडे, विशेषतः शनिवार-रविवारी, मुंबईच्या लालबाग-परळ भागात गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. परळच्या कारखान्यांतून (मूर्ती जिथे घडतात त्या मांडवांना इकडे कारखाना किंवा कार्यशाळा म्हणतात) भल्यामोठ्या मूर्ती चाकांच्या ट्रॉलीवर चढून आपापल्या मंडपाकडे निघालेल्या असतात. पुढे ढोल-ताशे, बाजूला ट्रॉली ढकलणारे कार्यकर्ते आणि वर पावसाने भरलेले आभाळ. नीट पाहिलेत तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. काही मूर्ती पायापासून मुकुटापर्यंत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या असतात. काही अगदी उघड्या असतात आणि प्लॅस्टिकची गुंडाळी ट्रॉलीवर तयार ठेवलेली असते. काहींच्या डोक्यावर नुसते छप्पर असते.

यातले बरोबर कोण? पहिल्या झटक्यात तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय! पाऊस आहे, तेव्हा झाका. पण आच्छादन पाऊस अडवते, तसे ते स्वतःही काही संकटे बरोबर घेऊन येते. ती कोणती ते समजले, म्हणजे केव्हा झाकावे आणि कसे झाकावे हे ज्याचे त्याला ठरवता येते.

हा प्रश्न नव्या काळात अधिक बिकट झाला, कारण मूर्ती उंच झाल्या. लालबागच्या गणेश गल्लीतले मंडळ १९२८ सालचे. त्याने १९७७ साली २२ फुटांची मूर्ती केली आणि त्यानंतर मुंबईत उंच मूर्तींची चढाओढच लागली. काही प्रचंड मूर्ती मंडपातच जोडून पुऱ्या करतात. त्यांना प्रवासाची चिंता नाही. बाकीच्यांना मात्र रस्त्यावरून जावेच लागते, आणि तेही ऐन श्रावण-भाद्रपदात.

आधी पाऊस मूर्तीचे काय करतो ते पाहू या. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. पाणी मुरले की मातीचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत आणि बोटे, कान, सोंडेचे टोक असे नाजूक भाग आधी ढासळतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची गोष्ट वेगळी. हे प्लॅस्टर म्हणजे जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी काढून टाकलेली पूड. ती पाण्यात कालवली की तिचे पुन्हा जिप्सम होते आणि ते घट्ट बसते. जिप्सम पाण्यात फारसे विरघळत नाही. एका लिटरमध्ये जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम. म्हणजे तासाभराच्या सरीने अशी मूर्ती वितळून जाणार नाही. नुकसान होते ते रंगाचे. पाण्यात कालवून दिलेले रंग ओघळतात, आणि शेवटी अगदी बारीक कुंचल्याने केलेली डोळ्यांची आखणी पुसट झाली तर कित्येक आठवड्यांचे काम वाया जाते. मंडपात पोचल्यावर ती दुरुस्त करायला मूर्तिकाराला पुन्हा परात बांधून चढावे लागते. तेव्हा पाऊस हा खरा शत्रू आहे, यात शंका नाही.

आता आच्छादनाचे पहिले संकट पाहा. ते आहे दमटपणाचे. ऑगस्टमधल्या मुंबईची हवा आठवा. समजा तापमान २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के आहे. अशा एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ही हवा थंड होऊ लागली तर साधारण २५ अंशांवर ती संपृक्त होते. म्हणजे याहून जास्त वाफ तिला धरता येत नाही. हाच तिचा दवबिंदू. पाहा, अवघे तीन अंश! इतकी थोडी थंड असलेली कोणतीही वस्तू त्या हवेत ओली होणार.

मूर्ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली आहे, अशी कल्पना करा. आतल्या मातीत किंवा प्लॅस्टरमध्ये अजून ओल आहे. पावसाळ्यात ती पूर्ण सुकायला वेळ कुठे असतो? दुपारी मध्येच ऊन पडते, ते पारदर्शक कागदातून आत शिरते, मूर्ती तापते आणि ओल वाफ होऊन बाहेर पडते. पण जाणार कुठे? आतली हवा थोड्याच वेळात वाफेने भरून जाते. तेवढ्यात सर येते. बाहेरून गार पाणी पडल्याने प्लॅस्टिक थंड होते आणि त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमू लागतात. थेंब मोठे झाले की ओघळतात आणि जिथे प्लॅस्टिक मूर्तीला चिकटले असेल तिथे, म्हणजे नेमके मुकुटावर, खांद्यावर, पोटावर, रंगात उतरतात. बाहेरचा पाऊस अडवण्यासाठी बांधलेल्या कागदाने आत एक छोटा पाऊस पाडला!

घरगुती गणपती आणताना चेहऱ्यावर सुती वस्त्र टाकण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. ती रीत श्रद्धेची आहे. परंतु सुती कापडातून वाफ आरपार जाऊ शकते, हा तिचा गुण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. कापड मुसळधार पाऊस थांबवणार नाही हे मात्र खरे.

दुसरे संकट फडफडण्याचे. लालबागमध्ये ट्रॉली माणसाच्या चालीने चालते, म्हणून तिथे ते तितकेसे जाणवत नाही. पण सगळ्या मूर्ती काही परळमध्ये होत नाहीत. रायगड जिल्ह्यातले पेण हे गणेशमूर्तींचे मोठे केंद्र आहे आणि तिथून टेम्पो भरभरून मूर्ती मुंबईला येतात. अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. टेम्पो ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर बाहेर वारा अगदी पडलेला असला तरी मूर्तीच्या दृष्टीने ताशी ५० किलोमीटरचा वारा सुटलेलाच आहे. सैल कागदाचे टोक या वाऱ्यात फडफडते. ते सेकंदाला दहाच वेळा मूर्तीवर आपटते असे धरू. दोन तासांच्या प्रवासात किती आपट्या होतील? ७२ हजार!

यात रस्त्यावरची धूळ मिसळा. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस्‌च्या श्रेणीत जिप्समचा क्रमांक दुसरा आहे. ते नखानेही ओरखडते. धुळीतल्या वाळूचे कण बव्हंशी क्वार्ट्‌झचे, आणि त्यांचा क्रमांक सातवा. तेव्हा धूळ बसलेला, फडफडणारा प्लॅस्टिकचा कागद म्हणजे पॉलिशपेपरच समजा. मुकाम येईपर्यंत नाकाचा शेंडा आणि सोंडेचा उंचवटा पांढरा पडलेला असतो.

हीच अडचण परदेशात एका निराळ्याच वस्तूच्या मालकांना भेडसावते. युरोप-अमेरिकेत जुन्या लाकडी होड्या जपणारे लोक आहेत. महोगनीच्या फळ्यांवर व्हार्निशचे एकावर एक हात देऊन त्या आरशासारख्या चकचकीत करतात आणि मोटारीमागे गाडा जोडून एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर नेतात. हमरस्त्यावर वेग ताशी ८० किलोमीटर. होडी झाकावी की नाही यावर त्यांच्यातही दोन तट आहेत. पावसाळी, धुळीच्या रस्त्यावर झाकलेली बरी असे एक म्हणतात, तर सैल ताडपत्रीने व्हार्निश घासून मंद होते, त्यापेक्षा पाऊस परवडला, असे दुसरे म्हणतात. होडीच्या बाबतीत दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे, कारण होडी मुळात पाण्यासाठीच केलेली असते. व्हार्निशवर पडलेले थेंब पुसता येतात, पण ओरखडे पुसता येत नाहीत. गणपतीच्या रंगाला मात्र ही सवलत नाही. म्हणूनच एकाचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही.

होडीच्या तळात साठून राहिलेले पावसाचे पाणी ही मात्र वेगळी बाब. गोड्या पाण्याने लाकडात ओल टिकते. लाकडातल्या ओलीचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर राहिले की ते कुजवणाऱ्या बुरशीचे फावते. समुद्राच्या खारट पाण्यात तिला इतके फावत नाही. म्हणून पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली लाकडी होडी झाकणे शहाणपणाचे. फक्त आच्छादनाखाली वारा खेळता हवा, नाहीतर मघाशी पाहिलेला आतला पाऊस तिथेही पडेल.

पुन्हा लालबागला येऊ. तिसरे संकट सर्वांत गंभीर, कारण त्यात रंगाचा नव्हे तर माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. ते म्हणजे वाऱ्याचा रेटा.

उघड्या मूर्तीत हातांमधून, प्रभावळीच्या नक्षीतून वारा आरपार जातो. ती कागदात गुंडाळली की तिचे शीड होते. एखादी झाकलेली मूर्ती ५ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद आहे असे समजा. वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन असतो. आकारामुळे पडणारा फरक धरून एकूण रेटा साधारण ११०० न्यूटन, म्हणजेच ११० किलोग्रॅम वजनाइतका होतो. हे काही फार नाही. पण लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. सरीबरोबर येणारा एखादा झोत ताशी ७२ किलोमीटरचा असेल, तर रेटा ४४० किलोग्रॅमवर जातो. शिवाय तो लागतो जमिनीपासून साडेतीन मीटर उंचीवर.

आता तराजू मांडू. उलथवणारे आघूर्ण ४४० गुणिले ३·५, म्हणजे सुमारे १५४०. मूर्तीचे ट्रॉलीसह वजन २००० किलोग्रॅम आणि ट्रॉलीची अर्धी रुंदी १·२ मीटर धरली, तर सावरणारे आघूर्ण २४००. मूर्ती उभी राहील. पण ट्रॉलीचे एका बाजूचे चाक २० सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेले तर? गुरुत्वमध्य उंचावर असल्याने तो त्या बाजूला सुमारे २० सेंटिमीटर सरकतो आणि सावरणारे आघूर्ण २००० वर येते. त्यात ट्रॉलीला बसलेला हिसका मिळवा. दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आले! आणि या हिशेबातून एक गोष्ट आपोआप निघते. वाऱ्याचा जोर वाढला की ट्रॉली थांबवावी, शक्य तर इमारतीच्या आडोशाला घ्यावी आणि कागद ओढून धरत बसण्याऐवजी तो सोडून द्यावा. रंग पुन्हा देता येतो.

मग पावसापासून बचाव कसा करावा? इथे पावसाच्या तिरपेपणाचा विचार उपयोगी पडतो. मोठे थेंब सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने पडतात. ट्रॉली चालीच्या वेगाने, सेकंदाला १ मीटर जात असेल, तर मूर्तीला पाऊस उभ्या रेषेशी फक्त ७ अंश तिरपा लागतो. म्हणजे वारा नसताना वरचे छप्पर पुरते, बाजू उघड्या चालतात आणि दमटपणाचा प्रश्नच उरत नाही. परंतु टेम्पो सेकंदाला १५ मीटर वेगाने जात असेल तर तोच पाऊस ६२ अंश तिरपा, जवळजवळ समोरूनच येतो. तिथे छप्पर कुचकामी. पुढून अडवणारी भक्कम बाजू हवी. यामुळेच लांबच्या प्रवासाला बंद टपाचा टेम्पो सर्वांत उत्तम. त्यात मूर्तीला वेगळा कागद नसला तरी चालेल.

मोठी मूर्ती बंद टेम्पोत मावणार नाही, तेव्हा बांबूचा पिंजरा. मूर्तीभोवती वीतभर अंतर ठेवून बांबू बांधायचे आणि कागद त्यांच्यावर ताणायचा. कागद मूर्तीला शिवत नाही, त्यामुळे घासणे नाही आणि थेंब उतरणेही नाही. खालची हातभर जागा आणि मुकुटाच्या मागची एक फट उघडी ठेवली की गरम दमट हवा वरून निघून जाते व खालून नवी येते. कागदाला आडवे दोर जवळजवळ बांधावेत, कारण वळणावरून जोरात वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि कागद बाहेर फुगतो. एकही टोक मोकळे नको. यात तोटा एवढाच की पिंजऱ्यामुळे क्षेत्रफळ वाढते, म्हणजे वाऱ्याचा रेटाही वाढतो. कारागिराला या दोन गोष्टींत रोजच तडजोड करावी लागते. माझ्या मते कोरड्या दिवशी चालीने नेताना मूर्ती उघडी ठेवून छप्पर व गुंडाळी तयार ठेवणाऱ्यांचे गणित अधिक बरोबर आहे. शिवाय वाटेत लोकांना दर्शन होते ते निराळेच.

हे सर्व तुम्हाला शाळेत पडताळून पाहता येईल. शाडूच्या तीन सारख्या बाहुल्या करा, अर्ध्या ओल्या असतानाच जलरंगाने रंगवा. पहिली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. दुसरीभोवती काड्यांचा पिंजरा करून त्यावर पिशवी ताणा व खाली-वर भोके ठेवा. तिसरीवर नुसते सुती फडके टाका. तिन्ही अर्धा तास उन्हात ठेवून मग त्यांच्यावर गार पाण्याचा शिडकावा करा आणि दहा मिनिटांनी उघडा. दुसरा प्रयोग खडूचा. टेबलपंख्यासमोर रंगवलेला खडू उभा करा आणि प्लॅस्टिकची सैल पट्टी त्यावर फडफडेल अशी बांधा. दुसऱ्या खडूवर तशीच पट्टी ताणून बांधा. तासाभराने दोन्ही खडूंचा रंग भिंगातून पाहा. शिक्षकांनी पट्टीची लांबी बदलून फडफडीत काय फरक पडतो तेही नोंदवून घ्यावे.

मूर्ती मंडपात पोचली की कागद घाईने वरून खेचून काढू नये. आधी खालचे दोर सोडून हवा आत जाऊ द्यावी, मग बाजूचे थर दूर करावेत आणि मुकुटावरचा भाग दोघांनी उचलून घ्यावा, म्हणजे आत जमलेले थेंब चेहऱ्यावर सांडत नाहीत. रंगावर पाणी उतरलेच असेल तर ते पुसायचे नाही. थोड्या अंतरावर पंखा लावून सुकू द्यायचे आणि पूर्ण सुकल्यावरच मूर्तिकाराने कुंचला हाती घ्यायचा.