‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे नेमके काय?

घरात कुणी अचानक गेले की शवविच्छेदनगृहाबाहेर तासाभरात निकाल लागलेला असतो. ‘कर्जापायी औषध घेतलं’, ‘जेवणातून काहीतरी दिलं’, ‘झटकाच आला असेल’. आत आम्ही अजून हातमोजेही घातलेले नसतात.

असा घाईचा निकाल किती फसवा असतो, हे म्हैसाळने दाखवले. 20 जून 2022 रोजी सांगली जिल्ह्यातील या गावात दोन भावांच्या कुटुंबांतील नऊ जण दोन घरांत मृतावस्थेत सापडले. कर्जामुळे सामूहिक आत्महत्या, असे सर्वांनीच मानले. सावकारीच्या आरोपाखाली अटकाही झाल्या. मात्र आठवडाभरातच तपास फिरला. गुप्तधनाच्या आमिषातून विष देऊन खून केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी दोघांना अटक केली.

उलटही घडते. खून किंवा आत्महत्या वाटणारा मृत्यू निव्वळ अपघात असू शकतो. आपल्या बीडच्या ऊसतोड कामगारांचेच पाहा. कोपीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही, दाताची खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात आणि श्वास थांबतो. घरच्यांना विषबाधेचा संशय येतो.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचेही तसेच. ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. पोत्यांच्या खोलीतच कुटुंब झोपले, तर सकाळी उलट्या सुरू होतात आणि दोष रात्रीच्या भाजीवर जातो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा बंद खोलीतली पेटती शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला ना रंग, ना वास.

म्हणून शंका असली की आम्ही जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग आणि रक्त सीलबंद करून पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतो. हाच राखून ठेवलेला व्हिसेरा. ‘विष सापडले’ असा त्याचा अर्थ नाही. प्रश्न अजून उघडा आहे, एवढाच. अहवालात विष आढळले नाही, तरी सारे संपत नाही. सापाचे विष नेहमीच्या रासायनिक तपासणीत दिसत नाही. तिथे घटनास्थळाची माहितीच कामी येते.

ती माहिती तुमच्या हातात असते. माणूस बेशुद्ध दिसला, तर आधी दारे-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. मृत्यू झालाच असेल तर भांडी घासू नका, अंथरूण धुऊ नका, औषधाची बाटली फेकू नका. कोण कुठे झोपले होते, काय खाल्ले, त्रास कधी सुरू झाला, हे डॉक्टरांना आणि पोलिसांना जसेच्या तसे सांगा. अब्रूच्या भीतीने घाईघाईत अंत्यसंस्कार उरकू नका.

चिता विझली की पुरावा संपतो, संशय मात्र उरतो. तो बहुधा घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर, म्हणजे सुनेवर नाहीतर विधवेवर, जाऊन बसतो आणि आयुष्यभर उतरत नाही. गेलेल्या माणसाइतकाच मागे राहिलेल्यांनाही सत्याचा हक्क आहे. तोवर पारावरचा निकाल राखून ठेवा.