बीटल्सचे वेचे : कोणता संच घ्यावा?

एखाद्या कवीचा समग्र गाथा वाचण्याइतकी सवड नसली, म्हणजे आपण त्याचे निवडक वेचे हाती घेतो. पण एकाच कवीच्या वेच्यांची चार-पाच पुस्तके दुकानात शेजारी शेजारी मांडलेली असली, आणि पुष्कळशा कविता सगळ्यांत त्याच असल्या, तर त्यांतले घ्यावे कोणते? लिव्हरपूलच्या बीटल्स ह्या चौघांच्या गाण्यांचा संच घेऊ पाहणाऱ्यापुढे हाच पेच उभा राहतो.

हा पेच उत्पन्न कसा झाला, ते आधी पाहू. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये मुख्यतः दोन तऱ्हांच्या ध्वनिमुद्रिका निघत. एक लहान, दोन बाजूंना एकेक गाणे असलेली. दुसरी मोठी, बारा-चौदा गाण्यांची. लहान मुद्रिकेवरचे गाणे मोठीत पुन्हा घालून गिऱ्हाइकाला तेच दोनदा विकू नये, असा बीटल्स व त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन ह्यांचा पुष्कळदा कटाक्ष असे. त्यामुळे ‘शी लव्ह्ज यू’, ‘हे जूड’ ही त्यांची सर्वांत गाजलेली गाणी ब्रिटनमधल्या मूळ मोठ्या मुद्रिकांत नाहीतच! ती एकत्र मिळावीत म्हणून पुढे संच निघाले, आणि मग तीच गाणी दोनदाच काय, चारदा विकली गेली.

आता प्रमुख संच पाहू. १९७३ साली दोन जोडसंच निघाले. १९६२ ते १९६६ पर्यंतच्या २६ गाण्यांचा तो ‘लाल’, आणि १९६७ ते १९७० पर्यंतच्या २८ गाण्यांचा तो ‘निळा’. पुढे २००० साली ‘वन’ नावाचा २७ गाण्यांचा संच आला. त्याची कसोटी सरळ होती : ब्रिटन वा अमेरिकेत विक्रीत पहिला क्रमांक मिळवलेले गाणेच घ्यावयाचे. गंमत अशी, की ही २७ च्या २७ गाणी लाल व निळ्या संचांत आधीपासून आहेतच. ते दोन्ही ज्याच्या घरी आहेत, त्याने तिसऱ्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

शिवाय क्रमांकाची कसोटी किती आंधळी असते तेही पाहा. १९६७ साली एकाच लहान मुद्रिकेवर ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ ही दोन गाणी आली. अमेरिकेत पहिले अव्वल ठरले, म्हणून ते ‘वन’मध्ये आहे, दुसरे ठरले नाही, म्हणून ते वगळले. जाणकार ज्याला त्यांच्या उत्कृष्ट कृतींत गणतात, ते गाणे असे बाहेर राहिले. निळ्या संचाचा आरंभ मात्र त्याच गाण्याने होतो.

पण रसिकतेने केलेली निवडही निर्दोष नसते. १९७३ च्या लाल संचातली सगळीच्या सगळी गाणी लेनन व मॅकार्टनी ह्या जोडीची होती. जॉर्ज हॅरिसनचे एकही नव्हते. २०२३ साली लाल संच ३८ व निळा ३७ गाण्यांचा केला, तेव्हा लालमध्ये हॅरिसनची दोन गाणी आली, आणि त्याचे भारतीय वाद्यांनी भरलेले ‘विदिन यू विदाउट यू’ निळ्यात आले.

ह्याहून निराळा संच म्हणजे १९८८ चा ‘पास्ट मास्टर्स’. त्यात लोकप्रियतेची कसोटीच नाही. बीटल्सच्या मूळ मोठ्या मुद्रिकांत जी सापडत नाहीत, अशी ३३ ध्वनिमुद्रणे त्यात गोळा केली आहेत. त्यांतच हॅरिसनचे ‘दि इनर लाइट’ आहे. त्याचे वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, भारतीय वादकांकडून ध्वनिमुद्रित झाले. गायन मागाहून लंडनला भरले. ‘लेडी मॅडोना’च्या मागल्या बाजूला हे गाणे आले. पुढली बाजू लोकप्रिय झाली, म्हणून ती निळ्यात आणि ‘वन’मध्येही आहे. मागली बाजू त्यांपैकी कशातही नाही. २०२३ च्या विस्तारातही नाही.

तेव्हा निवड कशी करावी? एका संध्याकाळची ओळख हवी असेल, तर ‘वन’ पुरे. आठ वर्षांत ही माणसे कोठून कोठे गेली हे समजून घ्यायचे असेल, तर लाल व निळा क्रमाने ऐकावेत. मूळ मोठ्या मुद्रिका ज्याला एकेक करून जमवायच्या आहेत, त्याने ‘पास्ट मास्टर्स’च घ्यावा, बाकीचे संच त्याला लागणार नाहीत. मात्र कोणताही संच उचलण्यापूर्वी वेष्टनावरचा गाण्यांचा आकडा पाहून भुलू नये. ही गाणी कोणत्या कसोटीने निवडली, आणि त्या कसोटीपायी कोणती बाहेर राहिली, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.