घरातील बिनतारी जाळे

जव्हार-मोखाड्याचा मुलूख सह्याद्रीच्या घड्यांत वसलेला आहे. एक टेकडी चढावी, तो पुढे दुसरी उभी. दरीत उतरावे, तो पलीकडे पुन्हा चढण. वांगणीसारख्या गावांच्या या टापूत वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली असते. अशा ठिकाणी माणसाला वाट काढणे जितके कठीण, तितकेच संदेशालाही कठीण.

२०२० सालच्या मार्च महिन्यात साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवरून येऊ लागले, तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या ध्यानी आली. डोंगराळ भागातील कितीतरी मुले फोन हाती घेऊन टेकडीवर किंवा एखाद्या झाडाखाली जाऊन बसत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात एका विद्यार्थिनीला तर घरच्या माणसांनी भर पावसाळ्यात डोंगरावर झोपडी उभारून दिली, कारण तेथे तेवढी संदेशाची लहर पोहोचत होती. संदेश गावाच्या शिवेपर्यंत आला होता, पण घरात येत नव्हता. त्याला घरात आणून माणसामाणसांत वाटून देणारे जे यंत्र, त्यास राउटर म्हणतात. पाटीएवढी ही पेटी दिसण्यात साधी आहे. तथापि तिची मांडणी समजून केली नाही, तर घरात यंत्र असूनही अंगणात उभे राहण्याची पाळी येते.

राउटरचे काम एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबातील आजोबांसारखे असते. टपालवाला सारी पत्रे एकाच पत्त्यावर टाकून जातो. आजोबा पाकिटावरचे नाव वाचतात आणि हे थोरल्याचे, हे धाकटीचे, अशी वाटणी करतात. बाहेर जाणारी पत्रेही त्यांच्याच हातून पेटीत पडतात. इंटरनेटवरून येणारा मजकूर असाच लहान लहान पुडक्यांत विभागून येतो. एक पुडके सामान्यतः दीड हजार अक्षरांएवढे असते आणि प्रत्येकावर कोठून आले व कोठे जायचे ते लिहिलेले असते. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. घरातील फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच यांना राउटर स्वतःच निरनिराळे आतले पत्ते देतो आणि कोणाचे पुडके कोणते, याची नोंद ठेवतो.

ही वाटणी तो बिनतारी लहरींनी करतो. विद्युत्‌चुंबकीय लहरी खरोखरच असतात, हे जर्मनीत हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ साली प्रयोगाने दाखविले. पुढे १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच अत्यंत आखूड लहरींनी भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली. आज घराघरांत राउटरच्या लहरी भिंतींतून आरपार जातात, तो त्याच प्रयोगाचा विस्तार होय. मुंबईत १९२७ साली नभोवाणी केंद्र सुरू झाले, ते लांब लहरींवर चालणारे. राउटरच्या लहरी त्या मानाने फारच आखूड. त्या सेकंदाला २४० कोटी वेळा आंदोलन पावतात. लहर सेकंदाला ३० कोटी मीटर धावते, तेव्हा एका आंदोलनात ती साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी अधिक पुढे सरकते. काही राउटर ५०० कोटींहून अधिक आंदोलनांच्या लहरीही वापरतात. त्यांची लांबी सहा सेंटिमीटरांहून कमी भरते. या दुसऱ्या लहरी मजकूर अधिक वेगाने नेतात, परंतु भिंत आडवी आली की लवकर थकतात.

एके काळी असे यंत्र घरी ठेवणे सोपे नव्हते. १९३३ सालच्या कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र बाळगण्यास सरकारी परवाना लागे. २००५ साली २४० कोटी आंदोलनांच्या पट्ट्यात, शक्तीची ठरावीक मर्यादा पाळणाऱ्या यंत्रांना परवान्याची अट राहिली नाही, आणि मग राउटर दुकानात रेडिओसारखा विकत मिळू लागला.

परंतु राउटरपर्यंत संदेश आणायचा कसा? शहरात तो प्रकाशतंतूतून येतो. हा तंतू काचेचा व केसासारखा बारीक असून त्यातून प्रकाश धावतो. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तरीही पंचायतीपासून पाड्यापर्यंतची वाट उरतेच. या वाटेवर पालघर जिल्ह्यातच एक लक्षणीय प्रयोग झाला. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून पाहिल्या. या पट्ट्यात पंधरा वाटा आहेत आणि देशात बहुतेक सर्वत्र त्यांपैकी बारा तरी मोकळ्या असतात, असे त्यांच्या अभ्यासात आढळले होते. या लहरी हातभराहून अधिक लांब असल्यामुळे झाडीतून व उंचवट्यांवरून त्या पुष्कळ दूर जातात. खामलोली गावाच्या परिसरात मनोरा उभारून आसपासच्या वस्त्यांना त्यांनी असा संदेश पुरविला. पुढे हा उपक्रम ‘ग्राममार्ग’ या नावाने वाढला, आणि २०१७ साली मोझिला या संस्थेने भरविलेल्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. जव्हारच्या डोंगरांना या प्रयोगाचे महत्त्व अधिक, कारण सपाटीवर जे तारेने साधते ते येथे लहरीनेच साधावे लागते.

जेथे तंतू नाही तेथे सिमकार्ड घालण्याचा राउटर वापरतात. तो मोबाइलच्या मनोऱ्याकडून संदेश घेतो व घरात वाटतो. येथे एक पेच पडतो. मनोऱ्याकडून उत्तम संदेश मिळावा म्हणून पेटी खिडकीशी व उंचावर हवी; घरात सर्वत्र लहर पोहोचावी म्हणून ती मध्यभागी हवी. दोन्ही एकदम साधत नाहीत. अशा वेळी आधी फोन हाती घेऊन घराभोवती फिरावे आणि संदेशाचे पट्टे कोठे अधिक दिसतात ते पाहावे. ती बाजू मनोऱ्याची समजावी. पेटी त्या बाजूच्या खिडकीत ठेवावी, किंवा पेटीला बाहेरची शलाका जोडण्याची सोय असल्यास शलाका बांबूवर उंच बांधून पेटी माजघरात घ्यावी. बाहेरून जेवढे येईल तेवढेच आत वाटता येते. मोखाड्याला धो-धो पाऊस पडूनही चैत्रात विहिरी आटतात. आटलेल्या विहिरीवर मोठा पोहरा सोडून पाणी वाढत नाही. महागडा राउटर आणला की वेग वाढेल, ही समजूत त्याच जातीची आहे.

घरात मांडणी करताना भिंती कशाच्या आहेत ते पाहावे. कारवीच्या काठ्यांवर माती व शेण लिंपून केलेला कूड लहरीला फारसा अडवीत नाही. दगडी भिंत पुष्कळ अडविते. धातूचा पत्रा मात्र लहरीला आरशाप्रमाणे परत फिरवितो. म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे किंवा पत्र्याला चिकटून राउटर ठेवणे व्यर्थ. पाणी या लहरी शोषून घेते, तेव्हा भरलेल्या हंड्या-कळशांची उतरंडही वाटेत नसावी. कोनाड्यात पेटी शोभून दिसते खरी, पण तीन बाजूंनी कोंडली जाते. छातीइतक्या किंवा त्याहून उंच फळीवर, मोकळ्या जागी ती ठेवावी. पेटीच्या शलाका उभ्या ठेवाव्यात, कारण शलाकेच्या टोकाकडून लहर जवळजवळ निघतच नाही. ती चहूबाजूंना आडवी पसरते. घरास माळा असल्यास एक शलाका आडवी करावी. मुंबईच्या चाळीत शेजारशेजारच्या पन्नास पेट्या एकाच वाटेने बोलू लागून गोंगाट होतो, आणि मग १, ६ व ११ या परस्परांत न मिसळणाऱ्या वाटांतून एक निवडावी लागते. पाड्यावरील घराला ही विवंचना नाही.

यंत्र सुरू झाल्यावर फोन त्यास जोडावा आणि संकेतस्थळाच्या जागी पेटीच्या तळाशी छापलेला पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. पुष्कळदा तो १९२.१६८.१.१ असा असतो. उघडलेल्या पानावर दोन परवलीचे शब्द बदलावयाचे असतात: एक जाळ्यात शिरण्याचा, दुसरा यंत्राची व्यवस्था पाहण्याचा. पुष्कळ लोक पहिला बदलतात व दुसरा विसरतात. कारखान्यातून आलेला दुसरा शब्द बऱ्याच यंत्रांत सारखाच असतो आणि तो कोणासही ठाऊक असू शकतो. मग आत आलेला मनुष्य घरच्यांनाच बाहेर घालवू शकेल. सुरक्षिततेच्या प्रकारांत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. शब्द निदान बारा अक्षरांचा असावा. गावाचे नाव, जन्मसाल किंवा फोन क्रमांक नसावा. हा काही नुसता नियमाचा भाग नव्हे. परक्याने या जाळ्यावरून काही गैरकृत्य केले, तर चौकशी प्रथम ज्याच्या नावे जोडणी त्याच्या दारी येते. शिवाय महिन्याचा ठरलेला साठा त्याने संपविला, तर परीक्षेच्या अर्जाच्या दिवशीच मुलाचा फोन मुका होऊन बसतो.

उरला प्रश्न विजेचा. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो व त्याला वीज थोडीच लागते. वीज गेली असता लहानशा बॅटरीवर तो काही तास चालू शकतो, आणि पावसाळ्यात या भागात अशी बॅटरी राउटरइतकीच गरजेची आहे. मात्र आकाशात गडगडाट सुरू होताच पेटीची खुंटी भिंतीतून काढून ठेवावी आणि बाहेरच्या शलाकेची तारही सोडवावी. काचेच्या तंतूतून विजेचा लोळ घरात येत नाही. तो विजेच्या तारेतून येतो, आणि बांबूवर उंच बांधलेल्या शलाकेच्या तारेतूनही.